हमीदाबींची व्हॅन

मिरजेच्या हमीदाबी तंबोरे बनवत. तयार तंबोरे त्या एसटीने पोचवायच्या आणि दर दोन खेपांमागे एखाद्या तंबोऱ्याचा भोपळा तडकायचाच. शेवटी त्यांनी एक जुनी व्हॅन हेरली आणि कर्जासाठी पतसंस्था गाठली.

तिथले मॅनेजर राजोपाध्ये स्वतःला हिशेबातले बृहस्पती समजत. ते म्हणाले, "चार वर्षांचं कर्ज. व्याज फक्त आठ टक्के, शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण रकमेवर."

"म्हणजे अर्धं कर्ज फेडलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच?"

"नियम म्हणजे नियम. बाई, तुम्ही तारा जुळवा, व्याजाचं आम्हाला कळतं."

हमीदाबींचे कान तापले. पण त्यांनी शांतपणे पिशवीतून याच पतसंस्थेतल्या आपल्या ठेवीची पावती काढली आणि टेबलावर ठेवली.

"नियम आवडला, साहेब. यातली अर्धी रक्कम मी आजच काढते. तुम्ही मात्र मुदत संपेपर्यंत पूर्ण ठेवीवर व्याज देत राहा."

राजोपाध्ये खुर्चीतून उठलेच. "असं कसं? जे पैसे आमच्याकडे नाहीतच, त्यांचं व्याज आम्ही का द्यायचं?"

"हेच तर मी मघापासून विचारतेय," हमीदाबी म्हणाल्या, "पण तुम्ही जास्त चांगलं मांडलंत."

मागच्या रांगेत हशा पिकला. मॅनेजरांनी दुसरा अर्ज काढला. दर तोच आठ टक्के, पण व्याज शिल्लक राहिलेल्या कर्जापुरतंच.

हमीदाबी सही करून उठल्या, तसा रांगेतला पुढचा माणूस खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साहेब, मलाही बाईंचाच फॉर्म द्या."