हातभर नाव, मुंगीएवढा ताल

स्वरलिपीचं सॉफ्टवेअर काढणाऱ्या खांबेटेसाहेबांना आपल्या शहाणपणाचा भारी तोरा. "ताल कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिला की पुरे. हवा तसा मोठा करायची सोय कशाला? डोळे ज्याचे त्याने सांभाळावेत!" त्यांच्याकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या वैजयंतीने ती सोय केव्हाच करून ठेवली होती, पण साहेबांपुढे सांगायला तिची जीभ रेटली नाही.

उद्घाटनाला साहेब स्वतःची नवी बंदिश गायला बसले. पडद्यावर त्यांचं नाव हातभर, ताल मुंगीएवढा. म्हातारे दामूअण्णा नुसतं पडद्यावरून वाचून तबल्याची साथ करणार होते.

"चला अण्णा, धरा ताल!"

अण्णांनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले. "साहेब, मला तुमचं नावच तेवढं दिसतंय. ते किती मात्रांचं धरू?"

सभागृह खो खो हसलं. साहेबांनी तिथल्या तिथे ती सोय द्यायचं कबूल केलं.

सोय तयारच होती, पण साहेबांच्या मंजुऱ्या-सह्यांत ती बाजारात यायला वर्ष गेलं, आणि तोवर अण्णांची नजर पुरती गेली. वैजयंतीने पडदाभर ताल त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी काचेवरून हात फिरवला.

"केलास ना मोठा? आता तूच वाच, पोरी."

झपताल. चारच अक्षरं, पण तिच्या तोंडून निघेनात.