हत्तीची दहा पावलं

एका जंगलात, नदीच्या उतारापाशी एक म्हातारा हत्ती राहत असे. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, बाळांनो. शेजारीच खोल डोह होता, म्हणून येईल त्या जनावराला हत्ती स्वतः पुढे चालून पलीकडे पोचवी. पण आता त्याचे गुडघे धरू लागले होते. त्याच्या मनात आलं, काठावर एक पाटी लावावी, म्हणजे आपण नसलो तरी कुणाचा जीव जायला नको.

पाटीच्या कामासाठी दोघं आली, एक सुतारपक्षी आणि एक टिटवी. हत्तीने एवढंच विचारलं, "लाकूड कोरता येतं का?" सुतारपक्ष्याने तिथल्या तिथे फळीवर सुरेख वेलबुट्टी कोरून दाखवली. टिटवी म्हणाली, "मला नाही येत, आजोबा. साळिंदराचा एखादा काटा मागून घेईन, चार दिवसांत शिकेन. पण ही पाटी वाचणार कोण, ते आधी सांगा."

"ज्याला पलीकडे जायचंय तो वाचेल," हत्ती म्हणाला. "कोरता येत नाही, आणि वर मलाच विचारतेस?"

सुतारपक्षी हसला. "गोट्यांत अंडी घालणाऱ्या बाईंनी लाकडाच्या गोष्टी कशाला कराव्यात?"

टिटवी उडून गेली.

मग हत्तीने वाट सांगितली आणि सुतारपक्ष्याने ती कोरली : 'काठापासून दहा पावलं सरळ जा. मग डावीकडे वळा.' पाटी इतकी देखणी झाली, की लांबलांबची पाखरं बघायला आली. हत्ती निर्धास्त होऊन बांबूच्या रानात चरायला गेला.

आठवड्याने परतला, तर पाटीखाली एक हरिणी बसलेली. अंग भिजलेलं. तिचं पाडस कुठे दिसेना.

"मी दहाच मोजली, आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली. "एकही कमी टाकलं नाही. मग वळलो, आणि पायाखाली जमीनच नव्हती. मी कशीबशी निघाले."

हत्ती पाण्याकडे बघत राहिला. दहा पावलं त्याची होती. हरिणीची तेवढ्या अंतरात तीस झाली असती. सुतारपक्षी मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तेच मी कोरलं." तेही खोटं नव्हतं.

हत्ती पाय ओढत टिटवीकडे गेला. ती आली. आधी सशाबरोबर उतारातून गेली, मग हरणाबरोबर, मग रानडुकराबरोबर. आणि साळिंदराच्या काट्याने वेड्यावाकड्या अक्षरांत तिने लिहिलं : 'पाण्यातल्या पांढऱ्या खडकापर्यंत सरळ जा. खडक मागे पडला, की डावीकडे वळा.'

काटा चालवायला ती शिकली, त्याला चारच दिवस लागले. हत्तीने ते मोजले होते.

त्यानंतर उतारावर कुणी बुडालं नाही. पण ती हरिणी पुन्हा त्या वाटेला आली नाही, आणि हत्तीनेही तिला कधी बोलावलं नाही.

तात्पर्य : हत्यार चार दिवसांत हाताला बसतं, वाचणाऱ्याच्या पावलांनी चालून बघण्याची समज तशी बसत नाही. लिहिणारा निवडताना ती आधी बघावी.