निब लावलेलं बॉलपेन

कार्बन लावून एका पावतीच्या तीन प्रती निघायच्या, त्या काळची गोष्ट. टपाल कचेरीच्या खिडकीत सुतळीने बांधलेलं एक बॉलपेन दिवसभर पार्सलच्या पावत्या लिहायचं आणि पोस्टमास्तर गोठोसकरांच्या खिशातल्या शाईपेनावर जळायचं.

“ही सुतळी सोडा आणि मलाही निब बसवा,” त्याने एकदा हट्टच धरला.

मास्तर हौशी. त्यांनी रिफिल काढली, निब बसवली, शाई भरली आणि पेन ऐटीत खिशाला लावलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मास्तरांनी नव्या पेनाने, निब मोडू नये म्हणून जोर न देता, पावती लिहिली. वरची प्रत सुरेख उमटली, खालच्या दोन कोऱ्याच! मास्तरांनी पेन पुन्हा खिशात खोचलं आणि गिऱ्हाइकाला विचारलं, “तुमच्याकडे साधं बॉलपेन आहे का हो?”

“आता मी काम काय करायचं?” नव्या पेनाने घाबरून विचारलं.

“काम?” शाईपेन म्हणालं. “अरे, तुला बढती मिळाली ना!”