मूळपुरुषाच्या मापाचा पावा

खूप जुन्या काळची गोष्ट. स्लोव्हाक मुलुखातल्या एका डोंगरगावात मेंढपाळ माणसाहून उंच पावा वाजवत. त्याला ते फुयारा म्हणत. तो उभा धरायचा. भोकं तीनच, तीही पार खाली. तो ज्याला वाजवता येई त्यालाच कळप मिळे, कारण कुरणात धुकं उतरलं की मेंढ्या त्याच आवाजावर परत येत.

शेवटचा वाजवणारा, एक दांडगा गडी, वारला. त्यानंतर सात वर्षं कुरण ओस पडलं. मेंढ्या वाळका चारा खाऊन खंगल्या. आणि चुलीपाशी शेकत बसलेले म्हातारे म्हणत, "आजकालच्या पोरांत दमच नाही."

एका मेंढपाळाच्या मुलीला कळप हवाच होता. तीन हिवाळे तिनं पावे कोरले, गावच्या मापाच्या काठीनंच भोकांच्या जागा आखून. दर वेळी खालचं भोक तिच्या बोटांपासून वीतभर लांब राही.

"हात लांब कर," सगळ्यांत वडीलधारा म्हातारा म्हणाला.

"किती करू, आजोबा? खांद्यातून निखळायचा."

"गावच्या मूळपुरुषाचं माप आहे ते. असातसा माणूस नव्हता. दारातून वाकून यायचा."

मुलीनं विचारलं, "आणि तुमचं बोट कधी पोचलं होतं का?"

म्हातारा खोकला. दुसऱ्यानं उगाच चुलीत लाकूड सारलं.

ती घरी गेली. वाळलेल्या लाकडावर स्वतःचा हात ठेवला आणि बोट जिथं टेकलं तिथंच भोक पाडलं. महिनाभर ती गोठ्यात मेंढ्यांपुढे तो पावा वाजवत राहिली. मग कळप कुरणात न्यायला तिनं फाटक उघडलं.

"बाटगा पावा आहे तो," म्हातारे आडवे आले.

"असेल. तुमचा वाजवून दाखवा, मी परत फिरते."

जुन्या पाव्याला कुणी हात लावला नाही. ती निघाली.

तिसऱ्या दिवशी धुकं आलं. हाताच्या अंतरावरची मेंढीही दिसेना. तिनं फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं, ओठ फुटेपर्यंत फुंकलं. खूप वेळानं एक घंटा किणकिणली, मग दुसरी. मोजून सगळ्या आल्या.

शरद ऋतूत कळप धष्टपुष्ट होऊन उतरला. पुढच्या वर्षी गावातली सगळी तरुण पोरं आपापल्या हाताच्या मापाचे पावे घेऊन कुरणात होती. "पूर्वीचा सूर नाही हा," म्हातारे सांगत राहिले, एकमेकांनाच.

तात्पर्य: वारसा जपायचा म्हणजे पूर्वजांचं वाजवणं चालू ठेवायचं, त्यांच्या हाताची लांबी पुजायची नाही.