यशोमित्राच्या परसातला तेरडा

पूर्वी वेत्रपूर नगरात सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना, एका भाद्रपदात, शुद्ध सप्तमीला दिवस उगवून चार घटका झाल्या होत्या, तेव्हा हे सगळं सुरू झालं. त्या वेळी उत्पला नावाची एक बाई तापाने फणफणलेल्या लेकीला कडेवर घेऊन यशोमित्राच्या परसदारी येऊन उभी राहिली. हा यशोमित्र म्हणजे त्या जन्मीचे बोधिसत्त्व.

यशोमित्र सूत विकून पोट भरायचा, पण त्याचा जीव सगळा घरामागच्या परसात. तेव्हा नगरात एक नवीनच वेड आलं होतं. तांडेवाले लांबलांबून फुलझाडं आणत, आणि ती लावायला जागा हवी म्हणून लोक आपल्या परसातलं बाकी सगळं तण समजून खुरपून काढत. यशोमित्राने मात्र काही खुरपलं नाही. त्याच्याकडे सोनकी होती, निळी नभाळी होती, कुर्डू होता, केना होता. त्याने काही लावलं म्हणण्यापेक्षा, जे आपसूक उगवलं ते राहू दिलं. कोवळं रोप कशाचं आहे हे कळेपर्यंत त्याला खुरपं लावायचं नाही, एवढाच त्याचा नेम होता.

शेजारी हसायचे. "काय हो यशोमित्र, तुमच्या घरी माणसं राहतात की म्हशी?" असं विचारायचे.

"म्हशी असत्या तर एवढं उरलं असतं का?" म्हणून तोही हसायचा.

त्या परसाच्या एका कोपऱ्यात, पाणी सांडायच्या रांजणाखाली, तेरडा होता. त्याची गोष्ट अशी. वेत्रपुरात भाद्रपदात देवी आणायची रीत होती. ही देवी म्हणजे मूर्ती नव्हे. बायका नदीकाठी जाऊन फुलावर आलेला तेरडा उपटून आणायच्या, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा, आणि त्यालाच लुगडं नेसवून देवी म्हणून घरात बसवायच्या. तो मुळासकटच हवा. मुळं म्हणजे देवीचे पाय. मुळं तुटली तर देवी पांगळी येते, असं म्हणत. तीन दिवस ठेवून मग तिला नदीत सोडून देत.

आता तेरडा काही वर्षानुवर्षं टिकणारं झाड नाही. पावसाळ्यात उगवतो, पावसाळा सरला की संपतो. त्याची बोंडं पिकून तडकली आणि बी मातीत पडलं तरच पुढच्या वर्षी तो दिसायचा. आणि बायका उपटायच्या तेव्हा बोंडं हिरवीच असायची. आजीने उपटला, आईने उपटला, लेकीने उपटला. आधी नदीकाठ रिकामा झाला, मग टेकडी रिकामी झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपल्यापुरता एक कव घेऊन घरी जात होता. यशोमित्राच्या लक्षात आलं तेव्हा कुंभाराच्या भट्टीमागे थोडी रोपं राहिली होती. त्याने बोंडं पिकू दिली, खाली फडकं धरून बी गोळा केलं आणि परसात टाकलं. पुढे खूप बी झालं की नदीकाठी नेऊन पेरायचं, असं त्याच्या मनात होतं. पण यंदा पावसाने ओढ दिली, आणि रांजणाच्या ओलीवर एक कव भरेल एवढीच रोपं जगली. पंचक्रोशीत तेवढाच तेरडा उरला होता.

उत्पलेची लेक शाली चार वर्षांची. नवरा तांड्याबरोबर दूर देशी गेलेला. वैद्याने काढा दिला होता, पण जाताना तो उत्पलेकडे न बघताच गेला, तेव्हाच ती काय ते समजली. सासू म्हणाली, "या घरात यंदा देवी आली नाही, म्हणून हे झालं. जा, आण तिला."

"दादा," उत्पला म्हणाली, "तेवढा तेरडा मला द्या."

यशोमित्राने पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं, आणि तळवे गार. शालीने डोळे किलकिले केले. जवळच एक बोंड लोंबत होतं, त्याला तिने बोट लावून बघितलं.

"फुटत नाही," ती म्हणाली.

"कच्चं आहे गं अजून," यशोमित्र म्हणाला. मग उत्पलेकडे वळून हळूच म्हणाला, "ताई, फुलाने ताप उतरत नाही. आणि हा शेवटचा आहे. बोंडं पिकायच्या आत उपटला तर तेरडा या गावातून गेलाच म्हणून समजा. वरची फुलं खुडून देऊ का?"

"पांगळी देवी नेऊ का मी घरी?"

"मग एखादं रोप न्या."

"कव भरली नाही तर सासूबाई दारातून परत पाठवतील." "मला का कळत नाही दादा, फुलाने काय होणार ते? पण करायचं काही राहून गेलं, असं नको हो व्हायला. पुढे मी जगू कशी?"

यशोमित्राने एकदा त्या रोपांकडे बघितलं. मग तो खाली बसला. त्याने उपटलं नाही. खुरप्याने लांबून खणत, मातीचा गड्डा न फोडता, एकेक रोप अलगद वर काढलं. मुळांना ओलं फडकं गुंडाळलं आणि सगळी कव एकत्र बांधून तिच्या मोकळ्या खांद्यावर टेकवली.

"एकच करा," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी नदीत सोडू नका. माझ्याकडे आणा. मी परत मातीत लावतो. जगला तर जगला."

"आणते. शालीची शपथ, आणते," म्हणून उत्पला धावतच निघाली.

देवी बसली. सासूने ओवाळलं. रात्रभर उत्पला लेकीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत होती. पहाटे शाली गेली.

कळलं तसा यशोमित्र तिथे पोचला. शेजारची माणसं अजून जमायची होती. सुतक लागलेल्या घरात देवी चालत नाही, म्हणून सासूने तेरड्याची कव अंगणात फेकून दिली होती. ओलं फडकं सुटून पडलं होतं. उत्पला लेकीला मांडीवर घेऊन दारात बसली होती. यशोमित्राला बघून ती म्हणाली, "दादा, हिला जरा धरा. हिचं झबलं बदलते. हे मळलंय."

तिने शालीला त्याच्या हातांत दिलं आणि ती आत गेली.

तेवढ्यात गोठ्यातलं वासरू सुटून अंगणात आलं. त्याने तेरड्याला तोंड लावलं. मुळांना अजून ओली माती होती, बोंडं हिरवी होती, रोपं अजूनही वाचली असती. नुसतं "हाड" म्हटलं असतं तरी वासरू पळालं असतं. पण यशोमित्राच्या हातांत ती पोर होती, आणि दारामागे तिची आई झबलं शोधत होती. तिच्या कानावर ती हाक पडली असती, आणि लेक गेली तरी याला झाडाचीच काळजी, असं तिला वाटलं असतं. तो उभा राहिला. वासराने कव संपवली.

तेव्हा सासू त्याच्यावर धावून आली. "बोलत बसलास तू, बोलत! फुलं खुडून देऊ का म्हणे! तुझ्या त्या घटकाभराने माझी पोर नेली रे!"

देवी नेल्याने पोर जगली नाही, तशी उशिरा नेल्याने मेलीही नाही, हे यशोमित्र म्हणू शकला असता. तो म्हणाला, "आजी, बसा. पाणी आणू का?"

लहान मुलांना पुरायची रीत होती. नदीकाठचा खड्डा यशोमित्रानेच खणला.

पुढच्या पावसाळ्यात उत्पला त्याच्या परसदारी आली. रांजणाखालची जागा मोकळीच होती.

"मी शपथ पाळली नाही," ती म्हणाली.

"तुमच्या हातात कुठे होतं ते?"

"तुम्हाला ठाऊक होतं, काही होणार नाही. मग का दिलात, दादा?"

"दिला नसता," यशोमित्र म्हणाला, "तर आज तुम्ही म्हणाला असता, एक उपाय राहिला. ते तुमच्या गळ्याला जन्मभर बांधायचं, आणि मी इथे बसून बी राखायचं, हे मला जमलं नाही."

उत्पला रडली. मग तिने त्याच्याकडून सोनकी, नभाळी आणि कुर्डूचं बी मागून नेलं आणि आपल्या परसात टाकलं. तिची सासू "तण वाढवतेस" म्हणून पुटपुटायची, पण खुरपं हातात घेत नसे. भाद्रपद आला की उत्पला घरोघर जाऊन सांगायची, "बायांनो, देवीला कुर्डू बसवा, सोनकी बसवा. फुलं खुडा, पण मूळ राहू द्या, बी पडू द्या." काही जणी ऐकत, काही जणी दार लावून घेत. कुर्डू वाचला, सोनकी वाचली. तेरडा मात्र वेत्रपूरच्या काठावर पुन्हा कुणाला दिसला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात एका तरुण भिक्षुणीला सांगितली. तिचं मूल दगावलं होतं, आणि माझ्या हातून काय राहिलं, काय राहिलं, असं ती सारखी विचारायची. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची उत्पला ती तू. तेव्हाची सासू ही तुझी आई, जी अजून विहाराच्या दाराशी तुला परत न्यायला येते. यशोमित्र मी होतो."

"आणि शाली, भंते?"

"तुझ्या त्या वृद्ध गुरुमाता, ज्यांचे हात आता थरथरतात म्हणून तू रोज त्यांना घास भरवतेस, त्या शाली."

भिक्षुणी उठली, कारण गुरुमातांच्या पेजेची वेळ झाली होती.

यशोमित्राने केलं ते करुणा पारमितेचं, म्हणजे करुणेच्या परिपूर्णतेचं, आचरण. दुसऱ्याच्या दुःखापुढे त्याने आपलं म्हणणं खरं होतं हेसुद्धा बाजूला ठेवलं, आणि त्याचं मोल गप्प राहून मोजलं.

बायांनो, ही गोष्ट वाचून झाली की शेजारणीला सांगा, माहेरी गेलात तर तिथे सांगा. अंगणात, परसात आपसूक काही उगवलं असेल तर ओळखल्याशिवाय उपटू नका, आणि सणाला फुलं घ्याल तेव्हा थोडी झाडावर ठेवा. आणि जिचं लेकरू गेलंय, तिच्यापुढे कुणाची चूक होती ते काढू नका. जिला एवढं जमेल, तिला ही गोष्ट सांगा.