वेशीवरची बारीक वात

खाडीच्या अल्याड एक राजा आणि पल्याड दुसरा, अशा जुन्या काळातली ही गोष्ट. अल्याडच्या गावात नुकतीच लग्न होऊन आलेल्या एका सुनेच्या कानावर एक बोलणं पडलं. ते तिच्यासाठी नव्हतं.

“वात बारीक ठेवायला सांगा तिला,” सासरा सासूला म्हणत होता. “दिवा लावा म्हणणाऱ्यांना तो दिसेल, लावू नका म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणार नाही. विचारलंच तर सांगा, कापूस महाग झालाय.”

सून चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

सासरा गावचा प्रमुख. दोन वाड्या मिळून प्रमुख निवडत, आणि निवड तोंडावर आली होती. पल्याड लढाई पेटल्यापासून तिथली माणसं जीव मुठीत घेऊन अल्याड येत. मध्ये भरतीला बुडणारा चिखल. ओहोटीला त्यातून एकच पायवाट वर येई, आणि तिन्हीसांजेला वेशीवरच्या दिव्याच्या रोखाने ती कापावी लागे. तो दिवा लावायचा मान गावातल्या सगळ्यांत नव्या सुनेचा. वेशीतून जी शेवटी आत आली, तिने पुढच्याला उजेड दाखवायचा, अशी रीत.

खालच्या वाडीला मिठागरात माणसं हवी होती. तिथे प्रमुख तांबडं उपरणं घेऊन जाई आणि म्हणे, दारी आलेल्याला परत लावणारे आपण कोण? वरच्या वाडीला विहिरीच्या पाण्याची धास्ती. तिथे तो पांढरं उपरणं घेऊन जाई आणि म्हणे, आधी आपल्या घागरी भरू द्या. सून दोन्ही उपरणी धुवायची. घामाचा वास दोन्हींना सारखाच येतो, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

सासूने कापसाचं कारण पुढे केलं. सुनेने मान डोलावली आणि बारीक वात लावली.

सकाळी ओहोटीला चिखलात एक काठी उभी रुतलेली दिसली, आणि काठीपाशी एक म्हातारा. त्याचा जीव गेला होता. पल्याडून दिवा दिसला म्हणूनच तो निघाला असणार. अर्ध्या वाटेत धुकं उतरलं, तेवढासा उजेड धुक्याने गिळला, आणि भरतीने त्याला गाठलं.

प्रमुख खालच्या वाडीत जाऊन हळहळला. वरच्या वाडीत म्हणाला, तरी मी सांगत होतो.

पण वात सुनेच्या हातची होती.

त्या सांजेलाही धुकं उतरलं. ती वेशीवर पोचली तेव्हा चिखलातून हाका येत होत्या, बायकांच्या, लेकरांच्या. पाणी चढायला लागलं होतं. कापसाची पेटी सासूने कुलपात ठेवलेली. ती मागे फिरली ती थेट दोरीवर वाळलेल्या कपड्यांपाशी. पांढरं आणि तांबडं, दोन्ही उपरणी तिने ओढली, एकात एक पिळून मनगटाएवढी वात केली आणि बुधल्यातलं सगळं तेल ओतलं. दिवा असा पेटला की वरच्या वाडीच्या भिंतीसुद्धा उजळल्या.

माणसं आली. कमरेपर्यंत चिखलाने माखलेली, एकमेकांचे हात घट्ट धरलेली. दोन्ही वाड्या धावल्या. खालच्या वाडीने त्यांना वर ओढून घेतलं. वरच्या वाडीतल्या एका आजीबाईने आपली घागर पुढे केली.

मागून प्रमुख आला. कुणीतरी विचारलं, दिवा मोठा करायला तुम्ही सांगितलं, का लहान करायला? त्याने सवयीप्रमाणे आधी बघितलं, कुठल्या वाडीची माणसं जास्त आहेत. अंदाज येईना. हात आपोआप खांद्याकडे गेला. तिथे कुठलंच उपरणं नव्हतं.

पुढे निवडीच्या दिवशी दोन्ही वाड्या त्याच्याकडे पाठ फिरवून बसल्या, पण ते नंतरचं. त्या सांजेला सून लग्न झाल्यापासून पहिल्यांदा चारचौघांत बोलली.

“मामंजी, अंधारात माणूस निघत तरी नाही. बारीक वात त्याला घरातून बाहेर काढते आणि वाटेत सोडते. माझी वात उद्याही एवढीच असेल. उजेड दाखवायचा, तर माणूस पोचेपर्यंत दाखवावा.”