मधला बांध

एका गावात एक बांध होता, आणि त्या बांधाबद्दल एक नियम होता. बांधाला हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही ते विचारायचं नाही. रंगाऱ्याच्या मुलीला हा नियम गावात सगळ्यांत जास्त वेळा सांगितला गेला होता, कारण सगळ्यांत जास्त वेळा तिनेच विचारलं होतं.

गावाच्या एका अंगाला थोरली नदी होती आणि दुसऱ्या अंगाला धाकटी. मध्ये खडकाळ उंचवटा. फार पूर्वी थोरलीवरून आलेला माल बैलांच्या पाठीवर लादून तो उंचवटा ओलांडावा लागे. वाटेत मडकी फुटत, गूळ पाघळे, बैल लंगडे होत. लेकीला माहेरी यायचं तर वाटेत मुक्काम करावा लागे, म्हणून ती वर्षानुवर्षं येतच नसे. मग एका पिढीने कंबर कसली आणि दोन्ही नद्यांकडून कालवा खणायला घेतला. होड्या थेट गावात येऊ लागल्या. जिथे बाभळी होत्या तिथे बाजार उभा राहिला. सकाळी न्याहारी करून निघालेली लेक दुपारी आईच्या ताटात जेवू लागली.

पण दोन्हीकडचे खणणारे इतके जवळ आले, की एकमेकांच्या कुदळींचे आवाज त्यांना ऐकू येऊ लागले. तेव्हा गावातली थोर मंडळी म्हणाली, "बास. आता थांबा."

दोन बैल शेजारी उभे राहतील एवढी माती त्यांनी मध्ये तशीच ठेवली. होडी बांधापाशी आली की रिकामी करायची, माल डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या होडीत भरायचा. हमालांना काम मिळालं, थोरांना मान मिळाला. गावच्या कारभाऱ्याने, म्हणजे आबांनी, आपली काठी टेकवल्याशिवाय कुणी ओझ्याला हात लावायचा नाही, अशी रीत पडली. आबा जेवत असले की होड्या थांबत. आबा झोपले की उठेपर्यंत, आणि उठले की चूळ भरेपर्यंत थांबत.

"दोन्ही नद्या सख्ख्या बहिणी आहेत," आबा पोरांना सांगत. "त्या भेटल्या की गाव बुडवतील."

"बहिणी भेटल्या तर गाव कशाला बुडवतील?" रंगाऱ्याची मुलगी म्हणे. "रडतील, हसतील आणि आपापल्या वाटेला लागतील."

"जीभ फार लांब झाली हिची," आबा तिच्या बापाला सुनावत, आणि बाप मान खाली घाली.

त्या मुलीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. रंगवलेली लुगडी ती बांधाच्या थोरलीकडच्या बाजूला खळबळायची. तेव्हा बांधाच्या पलीकडे, धाकटीच्या पाण्यात, लाल रेघ उमटायची. बांधाला खेकड्यांनी आरपार पोखरलं होतं. हे तिने बापाला सांगितलं होतं. बाप म्हणाला होता, "दिसलं ते दिसलं. बोलू नकोस." आणि ती बोलली नव्हती.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, बांधाशी चुनकळीने भरलेली होडी येऊन लागली. मागे कडबा भरलेल्या होड्यांची रांग. दोन्ही काठांवर गवताने शाकारलेली कोठारं. चुनकळी म्हणजे भाजलेला चुना. त्याला पाणी लागलं की तो उकळतो, आणि त्याच्या धगीने लाकूडसुद्धा पेट घेतं. कालव्यावर सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणूनच होडीवाल्याची बायको ओरडली तेव्हा काठावरची माणसं ताडकन उठली.

"तळाची फळी सुटली! पाणी येतंय आत!"

ती टोपाने पाणी उपसत होती. होडीवाला फटीत चिंध्या कोंबत होता. त्याने हात वर करून हाक दिली, "माल उतरवा, मायबाप! लवकर!"

हमाल पुढे झाले आणि थबकले. काठी कुठे होती?

आबा आले. घाई केली नाही, कारण घाई करणं त्यांना शोभत नव्हतं. त्यांनी काठी एका पोत्यावर टेकवली. पहिल्या हमालाने पोतं उचललं आणि किंकाळी फोडून टाकून दिलं. पोत्याची खालची बाजू ओली होती. त्याचा खांदा भाजला होता.

"हे ओझं माझी माणसं उचलणार नाहीत," आबा म्हणाले. "होडी मागे घे."

"मागे कुठे घेऊ, आबा? मागे कडबा आहे. इथे होडी वळत नाही."

"मग तू इथे आलास कशाला?"

"कालवा आहे म्हणून आलो!"

होडीच्या तळातून पांढरी वाफ निघू लागली. कडब्याच्या होड्यांवरची माणसं काठावर उड्या मारू लागली. कुणी म्हणालं पाणी मारा. दुसऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, "अरे, पाण्यानेच तर पेटतंय!"

रंगाऱ्याच्या मुलीच्या हातातलं लुगडं गळून पडलं. "पुढे जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "बांध फोडा. धाकटीचं पात्र रुंद आहे. तिथे वाळूवर लावली तर जळाली तरी एकटी जळेल."

"गाव बुडेल!" आबा गरजले.

तिने रंगाचं घंगाळ दोन्ही हातांनी उचललं. महिनाभराच्या कामाचा रंग होता तो. बाप "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने तो सगळा बांधाच्या अलीकडे ओतला आणि बांधावर चढली.

"इकडे बघा! पलीकडे बघा!"

सगळे बघू लागले. थोडा वेळ काहीच झालं नाही. आबांच्या ओठांवर हसू आलं. मग पलीकडच्या पाण्यात एक लाल धागा सुटला, शेजारी दुसरा, आणि बघता बघता बांधाचं पलीकडचं अंग कुंकू सांडल्यासारखं झालं.

"बहिणी केव्हाच भेटल्यात, आबा," ती म्हणाली. "गाव बुडालं का?"

खांदा भाजलेला हमाल सगळ्यांत आधी हलला. "च्यायला," तो म्हणाला, "जन्मभर आम्ही खेकड्यांपेक्षा येडे ठरलो." आणि त्याने कुदळ उचलली.

मग कुणी काठीची वाट पाहिली नाही. कुदळी, फावडी, नुसते हात. पोखरलेली माती ढेकळांनी सुटत होती. थोरलीचं पाणी वीतभर उंच होतं. वाट मिळताच त्याने उरलेली माती स्वतःच कातरली. होडी एकदा अडली, घासली, वाकडी झाली. होडीवाल्याच्या बायकोने टोप फेकून बांबू घेतला आणि नवऱ्याच्या जोडीने असा रेटा दिला, की होडी पलीकडे सुटली.

धाकटीच्या वाळूवर होडी लावून दोघं पाण्यात उड्या टाकून निघाली, आणि त्यांच्या मागे होडी पेटली. ज्वाळा माडाएवढ्या उठल्या. काठावरून गाव बघत होतं. एका बाईने हळूच आपल्या गवताच्या छपराकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

होडी गेली. गाव राहिलं. पाणी कालव्यात जिथे होतं तिथेच होतं, आणि कडब्याच्या होड्या एकामागून एक, न थांबता, पलीकडे निघून गेल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी थोर मंडळी चावडीवर बसली. रंगाऱ्याच्या मुलीला बोलावलं. तिच्यापुढे मातीने भरलेली पाटी ठेवली होती.

"फोडलास तू, तर बांधायला पहिली पाटी तूच टाकायचीस," आबा म्हणाले. "हमालांच्या पोटावर पाय दिलास, पोरी."

मुलीने हमालांकडे पाहिलं. काहींचे चेहरे खरंच उतरलेले होते. तिला ते लागलं. पण खांदा भाजलेला हमाल मागून बोलला, "आबा, मडकी फुटतात म्हणून कुंभारगावचे व्यापारी इकडे येत नव्हते. काल आले. आपल्या चटया भरून घेऊन गेले. भरायला हमालच लागले. पोटाचं आमचं आम्ही बघू. तुम्ही तुमच्या काठीचं बोला."

"तू गप्प बस!" आबा म्हणाले. मग मुलीकडे वळले. "उचल पाटी. का आणि कशाला, ते विचारायचं नाही."

"या वेळी विचारत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं विचारत होते, कारण तुमच्याकडे उत्तर असेल असं वाटत होतं. लाल रेघ मला लहानपणापासून दिसत होती. तुमच्या धाकाने मी गप्प बसले, आणि त्या दोघांची होडी जळाली. आता गप्प बसणार नाही. पाटीही उचलणार नाही."

तिने पायाने पाटी उलथी केली. माती चावडीच्या फरशीवर पसरली.

आबांनी काठी उचलली. टेकवायला काही सापडेना. त्यांनी शेजारच्यांकडे पाहिलं, शेजारचे जमिनीकडे पाहत होते. कालव्यातून एक होडी चालली होती. तिच्यात माहेरी निघालेली कुणी लेक ओव्या म्हणत होती. गाणं जवळ आलं, चावडीपाशी आलं, आणि न थांबता पुढे गेलं.

तात्पर्य: ज्या नियमाला कारण विचारलेलं चालत नाही, तो आतून केव्हाच पोखरलेला असतो, आणि दिसत असूनही गप्प बसणाराच त्याला उभा ठेवतो.